परवान्याची गाठ आणि बंदुकीचा भाव

नाशिकच्या नेमबाजी केंद्रांत दहा मीटर एअर रायफलचा सराव सुरू असतो, तेव्हा नेमबाजाच्या हाताशी पत्र्याची एक चपटी, गोल डबी असते. आत पाचशे छर्रे. प्रत्येकाचा व्यास साडेचार मिलिमीटर, कंबर बारीक आणि तोंड सपाट, म्हणजे कागदी लक्ष्याला पडलेल्या भोकाची कड स्वच्छ निघते. समोरच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. एकाच डबीतले दोन छर्रे किंचित कमीजास्त वजनाचे निघाले, तरी तेवढ्यावर पदक हुकू शकते. डबीवरचे नाव बहुतेक वेळा जर्मन किंवा चेक असते. हातातली रायफलही वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ किंवा आन्शुट्झची, म्हणजे जर्मनीहून आलेली.

केंद्रापासून थोड्याच अंतरावर सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत आहे. सातपूरच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. तिथे मोजमाप मायक्रॉनमध्ये चालते. अशा कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या शेकडो लहान मशीन शॉपमध्ये सीएनसीवर काम करणारे कसबी कारागीर आहेत. बारीक काम येत नाही, असे या गावाबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. तरीही छर्रा बाहेरून येतो. शस्त्र आणि त्याच्याशी संबंधित प्रत्येक वस्तूचा भाव धातू आणि मजुरीइतकाच परवाना, कर, आयातीचे नियम आणि गिऱ्हाइकांची संख्या यांवर ठरतो. त्यांपैकी एखादी गाठ सैल केली की भावाचे आणि कारखानदाराचे काय होते, हा या प्रकरणाचा विषय आहे. या प्रश्नाची सर्वांत ताजी परीक्षा अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर सुरू आहे. तिचा धडा नाशिकच्या नेमबाजाला आणि कारखानदाराला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

नाशिक आणि नेम

नाशिकचे शस्त्रांशी नाते जुने आहे. देवळालीत लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी याच शहरात राहून देशभरच्या खेळाडूंना मन एकाग्र करायला शिकवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आणि प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांच्या मेहनतीतून इथे नेमबाजांची एक पिढी उभी राहिली. बाम २०१७ मध्ये गेले. गोऱ्हे यांना २०२१ मध्ये करोनाच्या साथीने नेले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. क्रीडा प्रबोधिनीच्या योजनेतून त्याने नेमबाजीचे धडे घेतले ते नाशिकमध्ये. वडील शिक्षक. मुलाचा सराव थांबू नये म्हणून त्यांनी कर्ज काढले, ही गोष्ट पदकानंतर घराघरांत पोहोचली.

नेमबाजीत कर्ज का काढावे लागते, याचे उत्तर हिशेबात आहे. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत मोजल्या जाणाऱ्या गोळ्या ६०, शिवाय नेम जमवण्याच्या वेगळ्या. सरावात रोज १०० गोळ्या धरल्या आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर वर्षाला २६ हजार होतात. पॉइंट टू टूची स्पर्धेच्या दर्जाची गोळी प्रामुख्याने ब्रिटनच्या एली किंवा जर्मनीच्या आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांकडून येते. त्यातही प्रत्येक रायफलीला एखादा ठरावीक लॉटच मानवतो. नेमबाज वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून, छिद्रांचा घोळका कुठे सर्वांत घट्ट पडतो ते बघतात आणि तोच लॉट मिळेल तेवढा उचलून ठेवतात. अशा गिऱ्हाइकाला एका गोळीमागे रुपया-दोन रुपयांचा फरकही जाणवतो.

कायद्याच्या नजरेत सायलेन्सर

भारतात शस्त्रांचा परवाना ही ब्रिटिश राजवटीची देणगी. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बंदुकीची व्याख्या आहे. झाडल्यावर होणारा आवाज किंवा दिसणारी ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेले उपकरणही तिच्यात बंदूक म्हणूनच धरले आहे. म्हणजे सायलेन्सर एकटा, बंदुकीशिवाय, कपाटात ठेवलेला असला तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच.

हे उपकरण दिसते तितके जादूचे नाही. गोळीमागून सुटणारा तापलेला, दाबाखालचा वायू नळीबाहेर एकदम पसरतो तेव्हा धमाका होतो. सायलेन्सर त्या वायूला आतल्या कप्प्यांत अडवतो, थंड करतो आणि हळू सोडतो. रायफलीचा आवाज साधारण १४० ते १६५ डेसिबल असतो, सायलेन्सरने तो २० ते ३५ डेसिबलनी उतरतो. सिनेमातली ‘फुस्स’ प्रत्यक्षात क्वचितच ऐकू येते. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर तिचा हवेतला कडाका कोणतेही उपकरण थांबवू शकत नाही. नॉर्वेत आणि न्यूझीलंडमध्ये शिकाऱ्याच्या कानाचे रक्षण आणि शेजाऱ्याची शांतता या दोन कारणांसाठी सायलेन्सर सर्रास वापरला जातो. तिथे बंदुकीला परवाना लागतो, या जोडाला मात्र वेगळा कर नाही. अमेरिकेने नेमकी उलटी वाट धरली.

दोनशे डॉलरची भिंत

हिराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला सायलेन्सरचे पेटंट मिळाले मार्च १९०९ मध्ये. त्याचे वडील हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम, मशीनगनचे जनक. त्या काळी सायलेन्सर काही डॉलरना, टपालानेसुद्धा मिळे. १९३४ मध्ये, दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर, अमेरिकेने राष्ट्रीय बंदूक कायदा केला. मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांबरोबर सायलेन्सरही त्यात आला. बनवायचा किंवा हस्तांतर करायचा तर नोंदणी करा, बोटांचे ठसे द्या आणि २०० डॉलर कर भरा. त्या वेळचे २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांहून अधिक. काही डॉलरच्या वस्तूवर एवढा कर म्हणजे बंदीच होती. मॅक्सिमच्या कंपनीने आधीच इंजिनांच्या आणि यंत्रांच्या ध्वनिरोधकांकडे मोर्चा वळवला होता. बंदुकीच्या सायलेन्सरचा धंदा पुढची कित्येक दशके नावापुरता उरला.

कराची रक्कम मात्र नव्वद वर्षे जिथल्या तिथे राहिली आणि महागाईने तिची धार बोथट केली. आजच्या भावाने २०० डॉलर म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये, अमेरिकी मध्यमवर्गाला झेपण्यासारखी रक्कम. अमेरिकी शस्त्र विभागाच्या नोंदीत फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे ९ लाख सायलेन्सर होते, मे २०२१ मध्ये ते २६ लाखांवर गेले. कायदा न बदलताच बाजार पाच वर्षांत तिप्पट झाला. मग ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला. नोंदणी आणि ठसे कायम राहिले, आठ राज्यांतली खासगी मालकीवरची बंदीही कायम राहिली.

२०० डॉलर वाचले म्हणजे भाव २०० डॉलरनी उतरला, असे सरळ गणित इथे लागू पडत नाही. कर ठरावीक रकमेचा होता, किमतीच्या टक्क्यात नव्हता. ३०० डॉलरचा साधा सायलेन्सर गिऱ्हाइकाला ५०० ला पडे आणि ९०० डॉलरचा उंची सायलेन्सर ११०० ला. दुप्पट-तिप्पट दर्जाची वस्तू दुपटीहून थोड्या जास्त पैशांत मिळत असेल, तर माणूस म्हणतो, घ्यायचाच तर चांगला घेऊ. कर गेल्यावर साध्या मालाचा खर्च ४० टक्क्यांनी उतरतो, उंची मालाचा जेमतेम १८ टक्क्यांनी.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. रॉटरडॅमला जाणाऱ्या थंड कंटेनरचे भाडे पेटीत उत्तम द्राक्षे असोत वा मध्यम, सारखेच. म्हणून निर्यातीला निवडक मणी जातात आणि बाकीचा माल देशी बाजारात विकला जातो. अर्थशास्त्रज्ञ आर्मेन अल्चियन आणि विल्यम अ‍ॅलन यांनी १९६४ मध्ये हाच नियम मांडला. ठरावीक रकमेचा बोजा पडला की चांगला माल तुलनेने स्वस्त वाटतो, आणि बोजा उतरला की साध्या मालाचे दिवस येतात. अमेरिकेत कर गेल्याचा पहिला मोठा फायदा स्वस्त, विशेषतः पॉइंट टू टू बंदुकांच्या सायलेन्सरला व्हावा, हे या गणितातून सरळ निघते. महाग टायटॅनियमच्या मालावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांना मात्र स्वस्त श्रेणी काढावी लागेल किंवा गिऱ्हाईक सोडावे लागेल.

वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हे कारखान्याच्या क्षमतेवर ठरते. मागणी एकदम वाढली आणि यंत्रे तेवढीच राहिली, तर कारखानदार आणि दुकानदार भाव वर ठेवतात. कराच्या सुटीतला मोठा वाटा आधी त्यांच्याकडे जातो. नफा दिसला की नवे उत्पादक येतात, यंत्रे वाढतात आणि मग भाव उतरतो. अमेरिकेत नव्या उत्पादकाला संघीय परवाना लागतो आणि वर्षाला ५०० किंवा १००० डॉलरचा विशेष कर लागतो. हा अडसर फार उंच नाही. त्यामुळे तिथे स्पर्धा वाढून भाव खाली येण्याची शक्यता बरीच. पण नोंदणीचा अर्ज सरकारी टेबलावरूनच जातो. टेबलावरची रांग लांबली तर कारखान्याने कितीही माल काढला तरी तो दुकानातच पडून राहतो. गिऱ्हाइकाने वाट पाहण्यात काढलेले महिनेही किमतीचाच भाग असतात.

आशेने आलेली मंदी

नियम सैल होण्याआधीच त्याची नुसती चर्चासुद्धा धंद्याला कशी बुडवू शकते, याचे उदाहरण अमेरिकेने दहा वर्षांपूर्वी पाहिले. २२ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथल्या संसदेत ‘श्रवणरक्षण विधेयक’ मांडले गेले. सायलेन्सरवरचा कर आणि विशेष नोंदणी दोन्ही काढायची, आणि मधल्या काळात कर भरलेल्यांना तो परत द्यायचा, असा त्याचा आशय. परताव्याचे कलम घालण्याचे कारण साधे होते. ते नसते तर लोकांनी खरेदीच थांबवली असती.

दरम्यान १३ जुलै २०१६ पासून ट्रस्टच्या नावावर सायलेन्सर घेणाऱ्यांनाही ठसे सक्तीचे झाले. त्या तारखेआधी दुकानांत झुंबड उडाली आणि नंतर शुकशुकाट झाला. २०१७ च्या सुरुवातीला नवे सरकार आले, विधेयक पुन्हा मांडले गेले आणि ‘आता कर जाणार’ या आशेने गिऱ्हाईक थांबले. यूटा राज्यातल्या सायलेन्सरको या मोठ्या कंपनीने त्या वर्षी कामगारकपात केली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगसमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर विधेयक बाजूला पडले. कारखानदारांच्या बाजूचा कायदा येण्याच्या आशेनेच कारखानदारांना फटका दिला होता. २०२५ मध्ये कायदा झाल्यावर अंमलबजावणीला सहा महिने होते. तेव्हा काही विक्रेत्यांनी, गिऱ्हाईक थांबू नये म्हणून, २०० डॉलर स्वतःच्या खिशातून सोसण्याच्या योजना काढल्या. मागच्या वेळचा धडा त्यांच्या लक्षात होता.

धोरण आखणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यायला हवी. सवलत द्यायची तर तारीख जवळची आणि पक्की असावी. वर्षानुवर्षे लोंबकळणारी घोषणा गिऱ्हाइकालाही नडते आणि कामगारालाही.

भारतात सैल झालेल्या गाठी

भारतानेही गेल्या पंचवीस वर्षांत शस्त्रांच्या उत्पादनावरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल केले. मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांना खुले झाले. जुन्या नियमांच्या जागी शस्त्र नियम, २०१६ आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने उत्पादकांसाठी ते आणखी सोपे केले. पूर्वी परवान्याचे शुल्क बंदुकीमागे ५०० रुपये होते. मोठ्या उत्पादनाला ही रक्कम डोंगराएवढी होई. ते एकूण ५ हजार ते ५० हजार रुपयांवर आणले. परवाना कंपनीच्या आयुष्यभरासाठी झाला आणि मंजूर संख्येपेक्षा १५ टक्के जास्त उत्पादन पूर्वपरवानगीशिवाय करता येऊ लागले.

एवढे झाल्यावर देशी रिव्हॉल्व्हर स्वस्त व्हायला हवी होती. ती झाली नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी ‘निर्भीक’ ही हलकी पॉइंट थर्टी टू रिव्हॉल्व्हर आणली, तिची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. पुढे खासगी क्षेत्रातून वेबली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात तयार होऊ लागली. तिचा भाव दीड लाखाच्या पुढे गेला. स्पर्धक आला तरी भाव वरच राहिला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला.

कारण असे की गाठ सुटली ती उत्पादकाची, गिऱ्हाइकाची नाही. बंदूक विकत घेणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो, आणि तो मोजक्यांनाच मिळतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे ठेवता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोन झाली. गिऱ्हाईक मोजकेच राहिले की साचे, यंत्रे आणि चाचण्यांचा खर्च थोड्याच बंदुकांवर वाटला जातो आणि भाव खाली येत नाही. त्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. म्हणून परदेशात काहीशे डॉलरना मिळणारे पिस्तूल इथे जुन्या परवानाधारकाकडून घ्यायचे तर लाखांचे बोल होतात.

एअर रायफलीबाबत मात्र गाठ गिऱ्हाइकाच्या बाजूने सुटली. २० जूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या एअर गनला २०१६ च्या नियमांनी परवान्यातून वगळले. ऑलिम्पिकमधली एअर रायफल या मर्यादेत सहज बसते. परिणाम डोळ्यांसमोर आहे. ठाणे जिल्ह्यातली प्रीसीहोल ही खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणारी कंपनी. नळीचे छिद्र पाडण्याचे तंत्र तिच्याकडे होतेच. तिच्या क्रीडा शाखेने स्वतःच्या एअर रायफली बाजारात आणल्या. शिकाऊ मुलाला परदेशी रायफलीच्या किमतीच्या अंशात देशी रायफल मिळू लागली. शाळकरी वयाची मुले या खेळाकडे वळली त्याला हेही एक कारण आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी आणखी सूट दिली. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना आणि नामवंत नेमबाजांना पूर्वी ७ शस्त्रांची सवलत होती, ती १२ पर्यंत गेली. कनिष्ठ नेमबाजाला एकाऐवजी दोन शस्त्रे ठेवता येऊ लागली. वर्षभरात घेता येणाऱ्या काडतुसांची मर्यादाही बरीच वाढली. सरावाचा गळफास त्यामुळे सुटला. मात्र गोळी आयातच राहिल्याने तिचा भाव युरोपातल्या कारखान्याच्या दरावर आणि रुपयाच्या घसरणीवर लटकलेला राहिला.

एकच गिऱ्हाईक असेल तेव्हा

सायलेन्सरला भारतात कायदेशीर मोठे गिऱ्हाईक एकच, सरकार. सैन्य, विशेष दले आणि पोलीस. अशा बाजारात परवाना सोपा करून भाव उतरत नाही, तो निविदेने उतरतो. याचा नमुना ‘अस्मी’ या मशीन पिस्तुलात दिसतो. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली शस्त्रसंशोधन संस्था एआरडीई यांनी ते विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा एका पिस्तुलाचा उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असे सरकारने सांगितले होते. उत्पादनाचे काम मिळाले हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीला, आणि २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० अस्मी घेतली गेली. लोकेश मशीन्सचा मूळ धंदा सीएनसी यंत्रे बनवण्याचा. बंदुकांचा पिढीजात वारसा नसलेली, पण धातू अचूक कापता येणारी कंपनी सैन्याच्या कसोटीला उतरली.

सातपूर-अंबडच्या टूलरूमकडे नेमकी हीच पात्रता आहे. ती कामी लावायची तर नाशिकच्या कारखानदाराला परवान्याबरोबर ऑर्डरचीही खात्री लागेल. वर्षाकाठी दोनशे नगांसाठी कोणी खास साचे बसवणार नाही. सुरक्षेची भिंत, सीसीटीव्ही, प्रत्येक नगाचा क्रमांक आणि नोंदवही हा खर्च दोनशे नगांनाही तेवढाच आणि वीस हजार नगांनाही जवळपास तेवढाच असतो.

सैल कुठे करू नये

भाव आणि धंद्याच्या गणितात एक रकाना माणसांच्या जिवाचाही आहे. नाशिक परिक्षेत्रात पोलीस गावठी कट्टे पकडतात, तेव्हा तपासाची वाट अनेकदा सातपुड्याकडे जाते. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातले उमरटी हे गाव बेकायदा शस्त्रांसाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदीत आहे. कट्टा परवान्याच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, कारण त्याच्या किमतीत कर नाही, चाचणी नाही, नोंद नाही. परवान्याचे पिस्तूल स्वस्त केले तरी हा बाजार संपणार नाही, कारण कट्टा घेणारा मुळात परवान्याच्या रांगेत उभाच राहत नाही.

सायलेन्सरच्या बाबतीत भारताची स्थिती अमेरिकेहून आणि नॉर्वेहून वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथे शिकार बंद आहे. म्हणजे शिकाऱ्याच्या कानाचे रक्षण हे तिकडचे सर्वांत मोठे कारण इथे उरत नाही. उरतो तो चोरटा शिकारी. आसामच्या काझीरंग्यात गेंडे मारणाऱ्या टोळ्यांकडे सायलेन्सर लावलेल्या रायफली सापडल्या आहेत. वनरक्षकाला गोळीचा आवाज हाच पहिला इशारा असतो. मेळघाटात किंवा ताडोबात तो इशारा पुसून टाकणारी वस्तू खुल्या बाजारात यावी, असे म्हणण्याला कोणतेही अर्थशास्त्र पुरेसे नाही. रेंजवरच्या नेमबाजाला कान वाचवायला इअरमफ आणि इअरप्लग पुरतात. छतावर आणि भिंतींवर ध्वनिशोषक बसवणे हा रेंजचा खर्च आहे आणि तो करता येतो.

या साऱ्याचा निष्कर्ष नाशिकपुरता स्पष्ट आहे. सायलेन्सरवरचे भारतीय निर्बंध आहेत तसेच राहावेत. त्याचे उत्पादन फक्त सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी, मोजून आणि नोंदवून व्हावे. सैल करायची गाठ दुसरी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या सरकारी कारखान्यात सैन्याची काडतुसे तयार होतात, पुण्यातल्या खडकीच्या कारखान्याला १८६९ पासूनचा अनुभव आहे, आणि दोन्ही आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. या कारखान्यांनी नाशिकच्या टूलरूमना हाताशी धरून स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टू टूची गोळी आणि एअर रायफलचा छर्रा देशात तयार करावा. राष्ट्रीय रायफल संघटनेने आणि राज्याच्या क्रीडा खात्याने पाच वर्षांच्या खरेदीची लेखी हमी द्यावी. मागणी आहे, कसब आहे, जुने कारखाने आहेत. पुढच्या कांबळवाडीच्या मुलाच्या वडिलांना गोळ्यांसाठी कर्ज काढावे लागू नये, एवढे तरी महाराष्ट्राने करायला हवे.